टीएसएच १०० च्या वर, बाळाचा थायरॉइड स्कॅन सांगितलाय, गोळी आधी का स्कॅन आधी? (पुणे)

वारज्याचा_बाबा

नमस्कार, जरा मोठं लिहितोय पण प्लीज वाचा. आम्हाला मुलगी झाली, सिझेरियन, वजन ३ किलोच्या आसपास, रडली वगैरे लगेच, सगळं व्यवस्थित. डिस्चार्जच्या आधी तिच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन पाठवले होते. घरी येऊन जरा स्थिरस्थावर होतोय तोवर फोन आला की बाळाला लगेच घेऊन या. मग शिरेतून रक्त घेतलं तर टीएसएचच्या (थायरॉइडला कामाला लावणारं मेंदूकडचं हार्मोन) पुढे नुसतं ‘१०० पेक्षा जास्त’ असं छापून आलंय आणि फ्री टी४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, खूपच कमी. लहान मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टरांनी तिथल्या तिथे थायरॉक्सिनची गोळी लिहून दिली, सोनोग्राफी करून घेतली, त्यात लिहिलंय की गळ्यात नेहमीच्या जागी ग्रंथी दिसत नाही. आणि आता टेक्निशियमचा थायरॉइड स्कॅन सांगितलाय, शिरेतून इंजेक्शन देऊन करतात तो.

घरात यावरून दोन तट पडलेत. आई म्हणते एवढंसं बाळ, त्याला किरणोत्सारी औषध टोचायचं म्हणजे काय, बाळ तर किती शांत आहे, झोपून असतं, दूधही पिते, तिला झालंय काय? आणि बायकोचे एक काका (ते लॅबमध्ये होते) म्हणतायत की गोळी चालू केली की स्कॅन चुकीचा येतो, म्हणून आधी स्कॅन आणि मग गोळी. सेंटरची अपॉइंटमेंट पाच दिवसांनंतरची मिळालीय. म्हणजे पाच दिवस गोळी थांबवायची का? त्यात बारसं आहे, घर माणसांनी भरलंय, मेहुणी सातव्या महिन्यात आहे तिला बाळाजवळ जाऊ द्यायचं का तेही कळत नाही. बायको अंगावर पाजते, ते स्कॅननंतर बंद करावं लागेल का? कोणी यातून गेलं असेल तर सांगा, खूप घाबरलोय आम्ही दोघं.

नळस्टॉप_आई

दादा, पहिलं वाक्य वाचून लगेच लिहायला बसले. गोळी आज द्या. आजची आज. दिली असेल तर एक दिवसही चुकवू नका. बाकी सगळं नंतर बोलू.

माझा मुलगा आता दुसरीत आहे, त्यालाही हेच, म्हणजे जन्मतःच थायरॉइड कमी असणं, निघालं होतं. तो पण असाच ‘किती गुणी बाळ, त्रासच देत नाही’ असा होता, सगळे कौतुक करायचे, आणि ते शांत असणं हेच लक्षण होतं हे आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. कावीळ लवकर उतरत नव्हती, दूध पिता पिता झोपून जायचा, शी दोन दोन दिवस नाही, टाळू मोठी होती. पण खूपशा बाळांत पहिल्या दिवसांत यातलं काहीच दिसत नाही, कारण पोटात असताना आईचं थायरॉइड हार्मोन थोडं वारेतून बाळाला मिळत असतं. म्हणून तर टाचेच्या रक्तावर पकडतात, चेहरा बघून पकडायला गेलं तर उशीर होतो. आणि उशीर झाला तर नुकसान मेंदूचं होतं, ते नंतर कितीही गोळ्या दिल्या तरी पूर्ण भरून येत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल अगदी इतर मुलांसारखं वाढतं. माझा वाढतोय. शाळेत जातो, पाढे म्हणतो, भांडतो.

काकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. गोळीने स्कॅनवर परिणाम होतो, पण दुसऱ्या दिवशी नाही, टीएसएच खाली यायला दिवस लागतात. आमच्या वेळी गोळी चालू असतानाच स्कॅन झाला होता आणि स्पष्ट आला. पाच दिवस चालतील, तरी सेंटरला फोन करून सांगा की नवजात बाळ आहे आणि गोळी चालू आहे, बहुतेक ठिकाणी अशा बाळांना आधी घेतात.

गोळी द्यायची पद्धत सांगते, कारण आम्हाला सगळ्यात जास्त गोंधळ त्यातच होता. चमच्यात गोळी कुस्करायची, त्यात थोडंसं अंगावरचं काढलेलं दूध नाहीतर उकळून गार केलेलं पाणी, आणि लगेच चमच्याने किंवा बोंडल्याने पाजायचं. पूर्ण बाटलीत टाकायची नाही, बाळाने अर्धी बाटली ठेवली की किती गोळी गेली कोणाला कळणार. रोज एकच वेळ. लोहाचे थेंब, कॅल्शियम, सोयाचं दूध यांच्यासोबत नाही, आणि घरात बाळगुटी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. डबी कोरड्या जागी झाकण घट्ट लावून ठेवा.

गामा_कक्ष

मी पुण्यात न्यूक्लिअर मेडिसिन विभागात टेक्नॉलॉजिस्ट आहे, सेंटरचं नाव सांगत नाही. स्कॅनचा भाग मी सांगतो, औषधाचं तुमच्या डॉक्टरांचंच ऐका.

थायरॉइडच्या पेशी रक्तातलं आयोडीन ओढून घेतात. टेक्निशियम-९९एम परटेक्नेटेट शरीरात आयोडीनसारखंच ओढलं जातं, फक्त पुढे त्याचं हार्मोन बनत नाही, नुसतं पकडून ठेवलं जातं. त्यामुळे ग्रंथी जिथे कुठे असेल तिथे ते जमतं, त्यातून गामा किरण बाहेर येतात आणि आमचा कॅमेरा ते टिपतो. कॅमेऱ्यातून बाळावर काहीही सोडलं जात नाही हे घरच्यांना सांगा, लोकांना तो सीटी स्कॅनसारखा वाटतो म्हणून भीती जास्त बसते.

हे अर्ध्या तासाचं काम आहे. हाताला किंवा पायाला बारीक सुई, औषध अगदी थोडं, नवजात बाळाला साधारण १० ते २० मेगाबेक्वेरेल (किरणोत्साराचं माप), म्हणजे अर्ध्या मिलिक्युरीच्या आतबाहेर. मग १५ ते ३० मिनिटांनी फोटो. खांद्याखाली दुपट्याची गुंडाळी ठेवून मान जरा मागे करतो, बाळाला घट्ट गुंडाळतो, समोरून आणि बाजूने असे फोटो घेतो. त्यासाठी पिनहोल कॉलिमेटर, म्हणजे कॅमेऱ्यापुढचा एकाच बारीक छिद्राचा भाग, लावतो, कारण नवजात बाळाच्या थायरॉइडचा एकेक भाग शेंगदाण्याच्या दाण्याएवढा असतो, साध्या कॉलिमेटरने तो नीट मोठा करून दिसत नाही. झोपेचं औषध आम्ही सहसा देत नाही. बाळ भुकेलं आणा, इंजेक्शन झालं की पोटभर पाजा, ते झोपेल. पाजण्याचा अजून एक फायदा आहे, टेक्निशियम लाळेतही उतरतं आणि ती लाळ तोंडात, अन्ननलिकेत साचली की ग्रंथीचा तुकडा तिथे आहे असा भास होऊ शकतो. दूध गिळलं की ते धुऊन जातं. बाजूचा फोटो त्यासाठीच महत्त्वाचा, समोरून जिभेच्या मुळाशी दिसतंय ते लाळ आहे की ग्रंथी हे त्यात कळतं. फोटोत लाळग्रंथी आणि पोटही चमकताना दिसेल, बघून दचकू नका, ते नॉर्मल आहे.

किरणांचं म्हणाल तर टेक्निशियमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा वेळ, ६ तास. २४ तासांनी आपोआपच सोळावा हिस्सा उरतो, शिवाय लघवीतून जातं ते वेगळं. बाळाला मिळणारा डोस म्हणजे आपण सगळे वर्षभरात जमिनीतून, हवेतून, अन्नातून जेवढं घेतो साधारण त्या पट्ट्यातला. तुमच्या आईने शेजारीपाजारी कोणाला थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन दिलेलं, वेगळ्या खोलीत ठेवलेलं ऐकलं असेल, ते आयोडीन-१३१, त्याचं अर्धायुष्य ८ दिवस आणि त्यातून बीटा किरण निघतात, ते उपचारासाठी असतं. हे ते नाही. आयोडीन-१२३ नावाचं तिसरं एक आहे, फोटो त्याने फार छान येतात, पण ते सायक्लोट्रॉनमध्ये बनवावं लागतं, अर्धायुष्य १३ तास, महाग, आपल्याकडे मिळणं अवघड, म्हणून टेक्निशियमच.

अंगावर पाजायला बिनधास्त चालू ठेवा. औषध बाळाला दिलंय, आईला नाही. डायपर पहिला दिवसभर हातमोजे घालून बदला, हात धुवा, पिशवीत बांधून टाका. मेहुणीबाईंनी त्या दिवशी आणि त्या रात्री बाळाला कडेवर घेऊन बसू नये, खोलीत असायला काही हरकत नाही, दुसऱ्या दिवसापासून खुशाल खेळवा. शक्य असेल तर बारशाचा दिवस सोडून तारीख घ्या म्हणजे कुणाला काही सांगत बसावं लागणार नाही.

तारखेबद्दल पण सांगतो, कारण लोक चिडतात आमच्यावर. टेक्निशियम दुकानातून आणून कपाटात ठेवता येत नाही. मॉलिब्डेनम-९९ चा जनरेटर येतो, वाशीच्या ब्रिटकडून म्हणजे अणुऊर्जा खात्याच्याच संस्थेकडून, किंवा बाहेरून आयात केलेला, आणि त्यातून रोज सकाळी टेक्निशियम काढायचं. मॉलिब्डेनमचं अर्धायुष्य ६६ तास, त्यामुळे आठवडा सरता सरता जनरेटर उतरत जातो. बाळाला लागणारं औषध इतकं थोडं असतं की उतरलेल्या जनरेटरवरही होतं, खरी अडचण पिनहोल आणि लहान बाळांचा हात असलेल्या माणसांची वेळ जुळवायची असते. फोनवर स्पष्ट विचारा, नवजात बाळाचा थायरॉइड स्कॅन पिनहोलने करता का आणि बाजूचा फोटो घेता का. नाही म्हणाले तर दुसरीकडे जा, पुण्यात पर्याय आहेत.

पिंपळे_सौदागर

आमच्या डॉक्टरांनी स्कॅन केलाच नाही. गावी होतो, जवळ सोय नव्हती, फक्त सोनोग्राफी आणि गोळी. मुलगी आता तीन वर्षांची होईल, छान आहे. तेव्हा स्कॅन नाही झाला म्हणून काही बिघडलं नाही आमचं, एवढंच सांगायचंय. जमत असेल तर करा, नाही जमलं तर रात्र रात्र जागू नका.

बालरोग_रेसिडेंट

वर लिहिलेलं बहुतेक सगळं बरोबर आहे, मी थोडी भर घालते.

दादा, आधी हे पक्कं करा की स्कॅन हा गोळी द्यायची की नाही हे ठरवायला नाहीये. ते रक्ताने ठरलंय. टीएसएच १०० च्या वर आणि टी४ कमी म्हणजे चर्चा संपली. टाचेच्या रक्तातच टीएसएच ४० च्या वर असेल तर शिरेतलं सॅम्पल घेतलं की रिपोर्टचीही वाट बघायची नाही, गोळी सुरू करायची असं मार्गदर्शक तत्त्वांत आहे. डोस किलोमागे १० ते १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ३ किलोच्या बाळाला ३० ते ४५ रोज, मोठ्या माणसाच्या वजनाच्या हिशेबाने हा भरपूर वाटतो, घाबरून अर्धी देऊ नका. स्कॅन गोळी सुरू केल्यापासून साधारण आठवड्याच्या आत झाला की पुरे. तुमचे पाच दिवस त्यात बसतात.

मग स्कॅन कशासाठी, तर का झालं हे कळायला. चार गोष्टी निघू शकतात. ग्रंथी भलत्याच जागी, बहुतेक वेळा जिभेच्या मुळाशी, हे बरंच आढळतं. किंवा ग्रंथीच नाही. या दोन्हीत गोळी आयुष्यभर, आणि ते एकदा नक्की कळलं की तीन वर्षांनी गोळी थांबवून बघायची गरज उरत नाही. तिसरं म्हणजे ग्रंथी जागेवर, मोठी, आणि स्कॅनचं औषध जोरात ओढते, म्हणजे कारखाना उभा आहे पण हार्मोन बनवायच्या पायरीत जनुकीय दोष. हे कळणं आईवडिलांसाठी फार महत्त्वाचं, कारण यात पुढच्या प्रत्येक बाळाला २५ टक्के शक्यता असते, आपल्याकडे मामा-आत्याच्या नात्यात लग्न झालं असेल तर डॉक्टर हे आवर्जून विचारतात. चौथं म्हणजे ग्रंथी जागेवर आणि साधारण नॉर्मल, अशा बाळांत काहींचं तात्पुरतं असू शकतं. त्यांना तीन वर्षांच्या आसपास चार ते सहा आठवडे गोळी बंद करून रक्त बघतात, तेव्हा स्कॅनही करता येतो. पिंपळे सौदागरवाल्यांनी हे त्यांच्या डॉक्टरांकडे आता काढावं, पण स्वतःहून गोळी बंद करू नये.

स्कॅन फसवतो कधी तेही सांगते. स्कॅनमध्ये काहीच दिसलं नाही म्हणून लगेच ‘ग्रंथी नाही’ असं होत नाही. आईला हाशिमोटो किंवा तसला थायरॉइडचा आजार असेल तर तिच्या रक्तातल्या अँटीबॉडी वारेतून बाळात जातात आणि ग्रंथीला अडवून ठेवतात, ग्रंथी असते पण औषध ओढत नाही. तसंच आयोडीनचं. सिझेरियनच्या वेळी, किंवा नाळेला बेटाडीन खूप वापरलं असेल तर बाळाच्या अंगात आयोडीन शिरतं, ग्रंथी त्याने भरून जाते आणि टेक्निशियम घेत नाही, शिवाय आयोडीन जास्त झालं तर थायरॉइड मंदावतोही. तुमचं सिझेरियन आहे, तेव्हा स्कॅनच्या फॉर्मवर हे लिहून द्या, आणि नाळेला काय लावताय तेही. घरात नाळेला बेटाडीन लावत असाल तर डॉक्टरांना विचारून थांबवा, कोरडी ठेवलेली पुरते. म्हणूनच सोनोग्राफी आणि स्कॅन दोन्ही मिळून बघतात. सोनोग्राफी जिभेजवळची ग्रंथी बऱ्याचदा चुकवते, स्कॅन अडवलेली ग्रंथी चुकवतो. रक्तातलं थायरोग्लोब्युलिनही मदतीला येतं, ते सापडलं म्हणजे कुठेतरी थायरॉइडच्या पेशी आहेत.

भारतात हा आजार साधारण हजार-बाराशे बाळांमागे एकाला सापडतो. एवढा आहे तो. आणि तरी असंख्य हॉस्पिटलांत टाचेची ही टेस्ट होत नाही किंवा ‘ऐच्छिक’ म्हणून फॉर्मवर खूण करायला ठेवतात, आणि आईवडील पैसे वाचवायला नको म्हणतात. तुमच्या लेकीची झाली, वेळेत झाली. ज्यांच्या घरी बाळ यायचंय आणि जे हे वाचतायत त्यांनी डिलिव्हरीच्या आधीच विचारून ठेवा.

वारज्याचा_बाबा

सगळ्यांचे मनापासून आभार. गोळी चालूच ठेवली. गामा कक्षवाल्यांनी सांगितलेले प्रश्न फोनवर विचारले तर एका ठिकाणी लगेच कळलं की तिथे नवजात बाळांचं करत नाहीत, मग दुसरीकडे वेळ मिळाली. आज झाला स्कॅन. आई स्वतः आली होती, कॅमेऱ्याच्या शेजारी उभी राहिली, बाळ झोपलेलंच होतं. रिपोर्ट: गळ्यात नेहमीच्या जागी काही नाही, जिभेच्या मुळाशी एकच लहान ठिपका, बाजूच्या फोटोतही तिथेच, दूध पाजून परत घेतला तरी तिथेच.

म्हणजे आयुष्यभर गोळी हे कळलं. बायको रडली थोडी, पण नेमकं काय आहे हे कळल्याने दोघांनाही बरं वाटलं. आता दोन प्रश्न. पुढच्या बाळाला होईल का? आणि ती गाठ जिभेपाशी आहे तर गिळायला, बोलायला त्रास होईल का, काढावी लागेल का?

बालरोग_रेसिडेंट

जिभेपाशी ग्रंथी असणं हे बहुतेक वेळा घराण्यात चालत नाही, जेमतेम २ टक्के केसेस कुटुंबात पुन्हा दिसतात. पुढच्या बाळाची टाचेची टेस्ट मात्र वेळेवर करायचीच. तुम्हा दोघांनी काही केलं किंवा खाल्लं म्हणून हे झालेलं नाही, बायकोला हे नक्की सांगा, बाळंतिणीला सगळे उलटसुलट विचारत असतात.

अशा बाळांत हृदयाचे दोष थोडे जास्त आढळतात म्हणून डॉक्टर हृदय नीट तपासतील, गरज वाटली तर इको सांगतील. ऐकण्याची तपासणी पण करून घ्या. रक्त तपासायचं ते गोळी सुरू केल्यावर दोन आठवड्यांच्या सुमाराला, मग पहिलं वर्ष वरचेवर, कारण वजन वाढतं तसा डोस बदलत जातो. जाताना त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर द्या.

नळस्टॉप_आई

गाठीबद्दल मी सांगते, आमचंही तेच आहे. गोळी नीट चालू असली की टीएसएच खाली राहतं आणि ती ग्रंथी फुगत नाही, आमच्या मुलाला गिळायला बोलायला कधी काही झालं नाही. पण एक गोष्ट फाईलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा आणि स्कॅनच्या फोटोची कॉपी सोबत ठेवा. पुढे कधी टॉन्सिलसाठी, घसा दुखतो म्हणून, नाहीतर शाळेच्या तपासणीत कोणा डॉक्टरांना जिभेच्या मुळाशी लालसर गाठ दिसली आणि ते म्हणाले काढून टाकू किंवा तुकडा तपासायला घेऊ, तर आधी हा स्कॅन दाखवायचा. तिच्याकडे आहे तेवढीच थायरॉइड ती आहे, आणि तिला रक्तपुरवठाही भरपूर असतो. आम्हाला एकदा असं सांगितलं होतं, फाईल हातात होती म्हणून विषय तिथेच थांबला.

गोळीची वेळ आम्ही सकाळी सातची ठेवलीय, मोबाईलला अलार्म आणि फ्रिजवर महिन्याचा कागद, ज्याने दिली त्याने खूण करायची. आजी आजोबा असतील घरात तर हे कराच, नाहीतर एकाला वाटतं दुसऱ्याने दिली.